हिटलरचे पोलीस ज्याला पकडायला आले, तो ‘रोबोट’चा जन्मदाता आधीच निघून गेला होता

२०१० साली रजनीकांतचा ‘एंधिरन’ आला. हिंदीत तो ‘रोबोट’ नावानं लागला. गोष्ट आठवत असेलच. एक शास्त्रज्ञ सैन्यासाठी चिट्टी नावाचा रोबोट बनवतो. पुढे चिट्टीला भावना येतात, तो प्रेमात पडतो, बिथरतो, स्वतःसारखे ढिगानं चिट्टी तयार करतो आणि शेवटी ते सगळे एकमेकांना चिकटून अजस्र आकार घेत माणसांवर चालून येतात.

त्याच्या बरीच वर्षं आधी, १९७९ मध्ये, जपानी टीव्हीवर ‘मोबाइल सूट गंडम’ सुरू झालं होतं. त्यात अवाढव्य यंत्रांच्या पोटात बसून लढणारी कोवळी पोरं होती आणि पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठलेली अंतराळातली वसाहत होती. सैनिक, रोबोट आणि बंड हा मसाला तेव्हापासून कॉमिक्स, कादंबऱ्या, गेम्स आणि सिनेमे सगळीकडे चालत आलाय. तरुण पोरांना तर तो जास्तच आवडतो.

पण हा मसाला पहिल्यांदा कुणी कुटला?

त्यासाठी १९२० सालच्या प्रागमध्ये जावं लागतं. तिथं तीस वर्षांचा एक पत्रकार राहायचा. पाठीच्या कण्याचं दुखणं इतकं की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागायचं. याच दुखण्यामुळं त्याला पहिल्या महायुद्धात सैन्यात घेतलं नव्हतं. स्वतः कधीही बंदूक न उचललेल्या या माणसानं जगाला पहिले रोबोट सैनिक दिले आणि त्यांचं पहिलं बंडही दिलं. त्याचं नाव कारेल चापेक.

डॉक्टरच्या घरातलं शेंडेफळ

कारेलचा जन्म ९ जानेवारी १८९० चा. गाव माले स्वातोन्योवित्से. आज हा भाग चेक प्रजासत्ताकात आहे, पण तेव्हा तिथं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बादशहाचं राज्य होतं. वडील अंतोनिन डॉक्टर होते. आई बोझेना त्या भागातल्या लोककथा आणि लोकगीतं गोळा करायची. हेलेना सगळ्यांत मोठी, मधला योझेफ आणि कारेल शेंडेफळ.

हा सगळा भाग कोळशाच्या खाणींचा आणि कापड गिरण्यांचा. डॉक्टरच्या दारात येणारे पेशंट म्हणजे खाणीत आणि गिरणीत राबणारी माणसं. भाऊ योझेफला तर घरच्यांनी विणकामाच्या शाळेत घातलं होतं. त्यानं वर्षभर कारखान्यात कामही केलं आणि मग तो चित्रकला शिकायला प्रागला गेला. थोडक्यात काय, तर यंत्रापुढं उभं राहून माणसाचं काय होतं हे या दोन भावांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कारेल अभ्यासात हुशार होता, पण गप्प बसणारा नव्हता. ह्रादेत्स क्रालोवे या शहरात शाळेत असताना तो ऑस्ट्रियाविरोधी विद्यार्थ्यांच्या एका गुप्त मंडळात सामील झाला. ही गोष्ट बाहेर फुटली आणि त्याला शाळा सोडावी लागली. मग बहिणीकडं ब्रनोला आणि तिथून प्रागला जाऊन त्यानं शालेय शिक्षण पूर्ण केलं. पुढे प्राग, बर्लिन आणि पॅरिस अशा तीन ठिकाणी तत्त्वज्ञान शिकून १९१५ मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली.

पण विशीतच पाठीचं दुखणं सुरू झालं होतं. कण्याचे मणके हळूहळू एकमेकांना जखडत नेणारा तो आजार होता. त्या काळी त्यावर धड उपचार नव्हते. चालताना हातात काठी आली. आपण फार जगू याची त्याला खात्री नव्हती.

युद्ध बाहेर, लेखक आत

१९१४ ला महायुद्ध पेटलं. कारेलच्या वयाची चेक पोरं बादशहाच्या गणवेशात सीमेवर गेली. ज्या साम्राज्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं त्याच्यासाठी ती मरत होती. काही जण तर फितूर होऊन समोरच्या बाजूनं लढत होते.

कारेल मात्र प्रागमध्येच होता. याच युद्धात १९१५ मध्ये विषारी वायू मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आणि १९१६ मध्ये रणगाडे आले. कारखान्यात माल निघावा तशी माणसं मारण्याची साधनं निघत होती. आणि सैनिक? तोही एक सुटा भागच झाला होता. एक गेला की त्याच्या जागी दुसरा.

२८ ऑक्टोबर १९१८ ला साम्राज्य कोसळलं आणि चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश जन्माला आला. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक टॉमस मासारिक राष्ट्राध्यक्ष झाले. कारेल तोवर ‘नारोद्नी लिस्टी’ या वर्तमानपत्रात पत्रकार झाला होता. १९२१ मध्ये त्या पेपरनं योझेफला कामावरून काढलं, तेव्हा भावासाठी कारेलनंही राजीनामा दिला. दोघं ‘लिडोव्हे नोव्हिनी’ या पेपरात गेले आणि कारेल शेवटपर्यंत तिथंच राहिला.

या सगळ्या धामधुमीत १९२० मध्ये त्याच्या डोक्यात एक नाटक शिजत होतं.

एक शब्द, तोही दुसऱ्याचा

नाटकाचं बीज तसं जुनंच होतं. १९०८ मध्ये दोघा भावांनी मिळून ‘सिस्टीम’ नावाची एक छोटी कथा लिहिली होती. त्यात एक कारखानदार कामगारांमधल्या भावना आणि सौंदर्याची जाण काढून टाकतो, म्हणजे ते नुसतं काम करतील. पण एका कामगाराच्या मनात ती जाण परत येते आणि कारखान्यात बंड होतं. शिवाय प्रागच्या ट्राममध्ये दाटीवाटीनं उभी असलेली, चेहऱ्यावर काहीच भाव नसलेली माणसं पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असंही कारेलनं नंतर सांगितलं होतं.

गोष्ट अशी होती की एका बेटावरच्या कारखान्यात माणसासारखे दिसणारे कामगार तयार होतात. पण त्यांना म्हणायचं काय? कारेलच्या मनात लॅटिन भाषेतल्या श्रम या अर्थाच्या शब्दावरून केलेलं ‘लाबोरी’ हे नाव होतं. त्याला ते फारच पुस्तकी वाटत होतं.

अडचण घेऊन तो भावाकडं गेला. योझेफ चित्र काढत होता. तोंडात ब्रश धरलेला. त्यानं कॅनव्हासवरची नजर न हटवता पुटपुटत सुचवलं की मग रोबोट म्हण.

बस्स, एवढंच. शब्द कारेलच्या नावावर जमा झाला, पण १९३३ मध्ये त्यानं स्वतः पेपरात लिहून हे श्रेय योझेफला देऊन टाकलं.

आता खरी गंमत त्या शब्दाच्या अर्थात आहे. मराठीत रोबोटला यंत्रमानव म्हणतात, त्यामुळं डोळ्यांपुढं लोखंड, वायर आणि बटणं येतात. पण चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातले ठरावीक दिवस कुळांनी फुकट राबायचं, ही जुनी सक्ती म्हणजे रोबोटा. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही पद्धत १८४८ मध्ये बंद झाली. म्हणजे कारेल लहान असताना, वेठ प्रत्यक्ष बघितलेली म्हातारी माणसं हयात होती.

म्हणून रोबोट या शब्दाचं नेमकं मराठी करायचं, तर ते यंत्रमानव नाही. ते आहे वेठबिगार.

नाटकात नेमकं होतं काय?

नाटकाचं नाव ‘आर. यू. आर.’, म्हणजे ‘रोसम्स युनिव्हर्सल रोबोट्स’. हे त्या कारखान्याचं नाव. रोसम या आडनावातही मेख आहे. चेक भाषेत ‘रोझुम’ म्हणजे बुद्धी.

यातले रोबोट लोखंडाचे नाहीत. ते रसायनांपासून केलेल्या जिवंत पदार्थाचे आहेत. हाडं वेगळी, कातडी वेगळी, नसा वेगळ्या तयार करायच्या आणि मग मोटारीसारखी जुळणी करायची. त्यांना वेदना नाही, इच्छा नाही, मरणाची भीती नाही. वीसेक वर्षं राबायचं आणि भंगारात जायचं.

कारखान्याचा प्रमुख डोमिन हा काही खलनायक नाही. माणसाला कष्टातून कायमचं सोडवायचं हे त्याचं स्वप्न आहे. हिशेब सांभाळणारा बुसमान म्हणतो की आपण फक्त मागणी तसा पुरवठा करतोय. हेलेना नावाची तरुणी रोबोटांना हक्क मिळवून द्यायला बेटावर येते आणि डोमिनशी लग्न करून तिथंच राहते. वाईट असं कुणाचंच नाही. आणि तरीही सगळं वाईटाकडं जातं.

दहा वर्षांत रोबोट जगभर पसरतात. कामगार बेकार होतात आणि उठाव करतात. तो मोडायला सरकारं रोबोटांच्या हातात शस्त्रं देतात. मग देशादेशांना कळतं की हे तर भारी सैनिक आहेत. मरायला घाबरत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत, मागं वळून बघत नाहीत. लाखोंच्या ऑर्डरी येतात आणि कारखाना माल पाठवत राहतो. इकडं माणसाला करायला काही उरलेलंच नसतं, म्हणून मुलं जन्माला येणंही थांबतं.

हेलेनाच्या आग्रहावरून डॉक्टर गाल गुपचूप काही रोबोटांच्या घडणीत बदल करतो, म्हणजे त्यांना थोडं मन येईल. मन येतं. पण मनाबरोबर सगळ्यांत आधी येतो तो राग. रोबोटांची संघटना उभी राहते आणि ती साऱ्या माणूसजातीविरुद्ध युद्ध पुकारते.

इथं डोमिन एक तोडगा काढतो. यापुढं एकसारखे रोबोट बनवायचेच नाहीत. प्रत्येक देशाचे रोबोट वेगळे, त्यांचा रंग वेगळा आणि भाषा वेगळी. म्हणजे ते एकमेकांचा द्वेष करत बसतील आणि कधीच एक होणार नाहीत. नुकतंच महायुद्ध बघून आलेल्या प्रेक्षकांना हा टोला कुणाला आहे, ते समजावून सांगायची गरज नव्हती.

पण तोवर उशीर झालेला असतो. बुसमान पैशांच्या थैल्या घेऊन रोबोटांशी सौदा करायला जातो आणि विजेच्या कुंपणाला चिकटून मरतो. रोबोट बनवायचं सूत्र हेलेनानं आधीच जाळून टाकलेलं असतं. सगळी माणसं मारली जातात. एकटा म्हातारा बांधकाम करणारा आल्क्विस्ट वाचतो, कारण रोबोटांच्या मते तोही त्यांच्यासारखा हातानं काम करणारा आहे.

जिंकलेले रोबोट मग त्याच्याच पायाशी येतात. त्यांना मुलं होत नाहीत, सूत्र हरवलंय, त्यांचीही जात संपणार आहे. अशात आल्क्विस्टला एक रोबोट तरुण आणि तरुणी दिसतात. एकाला वाचवण्यासाठी दुसरा मरायला तयार आहे. ते पाहून तो त्यांना नवे आदम आणि हव्वा म्हणून मोकळं सोडतो आणि पडदा पडतो.

जगभर गाजलं, पण उलटं समजलं

२५ जानेवारी १९२१ ला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याआधी ह्रादेत्स क्रालोवेच्या हौशी कलाकारांनी परस्पर २ जानेवारीलाच प्रयोग उरकून घेतला होता. ज्या गावातली शाळा कारेलला सोडावी लागली होती, तेच हे गाव.

पुढं नाटक वाऱ्यासारखं पसरलं. १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क, १९२३ मध्ये लंडन. त्या वर्षापर्यंत त्याची तीसेक भाषांत भाषांतरं झाली होती. लंडनमध्ये तर त्यावर जाहीर चर्चा झाली आणि त्यात बर्नार्ड शॉ आणि चेस्टरटन यांच्यासारखी मंडळी बोलली. १९३८ मध्ये बीबीसीनं त्याचा एक भाग टीव्हीवर दाखवला. टीव्हीवर दाखवलेली ती पहिली विज्ञानकथा मानली जाते.

पण लोकांनी त्यातून उचललं काय? तर लोखंडी बाहुला.

१९२८ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनाचं उद्घाटन करायला एरिक नावाचा रोबोट उभा केला गेला. अंगावर जुन्या सरदारासारखं चिलखत, आत मोटारी आणि छातीवर अक्षरं होती आर. यू. आर. तो उठला, वाकला आणि त्यानं भाषण केलं. लोक खूश झाले. रोबोट म्हणजे धातूचा राक्षस हे चित्र इथून पुढं पक्कं होत गेलं. मासिकांची मुखपृष्ठं, सिनेमे, जपानची अवाढव्य लढाऊ यंत्रं, सगळं त्याच वाटेवरचं.

चापेक यावर वैतागला होता. १९३५ मध्ये त्यानं लेख लिहून स्पष्ट केलं की आपण कधी पत्र्याचे आणि दातेरी चाकांचे रोबोट लिहिलेच नव्हते. यंत्रात आपोआप जीव येईल, ते प्रेम करील किंवा बंड करील, यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याची भीती वेगळी होती. यंत्राचा माणूस होण्यापेक्षा माणसाचं यंत्र होणं त्याला जास्त जवळ दिसत होतं.

पुढं अमेरिकन लेखक आयझॅक असिमोव्हनं १९४२ मध्ये रोबोटांसाठी तीन नियम मांडले. रोबोटनं माणसाला इजा करायची नाही, हा त्यातला पहिला. पण चापेकच्या नाटकाकडं बघितलं तर लक्षात येतं की नियम रोबोटांना कमी पडले नव्हते. त्यांच्या हातात बंदूक देणाऱ्यांना कुणी नियम लावले नव्हते.

बागकाम, शुक्रवार आणि अणुस्फोट

नाटकामुळं चापेक जगप्रसिद्ध झाला, पण राहणी साधीच राहिली. १९२५ मध्ये दोघा भावांनी प्रागच्या विनोह्राडी भागात जोडघर बांधलं. अर्ध्यात कारेल, अर्ध्यात योझेफ. कारेलला बागकामाचं वेड होतं. त्यावर त्यानं एक विनोदी पुस्तक लिहिलं. आपल्या कुत्रीच्या पिल्लावर मुलांसाठी लिहिलेलं त्याचं पुस्तक चेक घरांमध्ये आजही वाचलं जातं.

त्याच्या घरी दर शुक्रवारी मित्रांचा अड्डा जमायचा. लेखक, पत्रकार, प्राध्यापक असे वेगवेगळ्या मतांचे लोक यायचे आणि भांडायचे. या अड्ड्यावर राष्ट्राध्यक्ष मासारिकही येऊन बसायचे. मासारिक यांच्याशी वर्षानुवर्षं झालेल्या गप्पांवरून चापेकनं त्यांचं आयुष्य सांगणारं मोठं पुस्तक तयार केलं.

राजकारणात तो कुठल्याच टोकाला गेला नाही. १९२४ मध्ये आपण कम्युनिस्ट का नाही यावर त्यानं सविस्तर लेख लिहिला. गरिबांची बाजू घ्यायची, पण त्यासाठी द्वेषाचं राजकारण मान्य नाही, असा त्याचा सूर होता. पुढं फॅसिझम वाढला तेव्हा त्याच्याविरुद्धही तो तितक्याच ठामपणे उभा राहिला.

याच १९२४ मध्ये त्याची ‘क्राकाटिट’ ही कादंबरी आली. त्यात एक संशोधक अणूमधली ताकद मोकळी करणारं स्फोटक शोधून काढतो आणि वेगवेगळे सत्ताधीश ते हस्तगत करायला त्याच्या मागं लागतात. हिरोशिमाला तेव्हा अजून २१ वर्षं अवकाश होता.

सॅलमँडरांचं सैन्य

१९३३ मध्ये शेजारी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. चेकोस्लोव्हाकियाच्या सीमाभागात लाखो जर्मन भाषक राहत होते आणि हिटलरला तो भाग हवा होता. अशा वेळी १९३६ मध्ये चापेकची सगळ्यांत गाजलेली कादंबरी पुस्तकरूपात आली. मराठीत तिच्या नावाचा अर्थ होईल, सॅलमँडरांशी युद्ध.

सॅलमँडर म्हणजे पाण्याजवळ राहणारा, दिसायला पालीसारखा प्राणी. कादंबरीत सुमात्राजवळच्या एका बेटावर कॅप्टन व्हान टोख याला माणसाएवढे हुशार सॅलमँडर सापडतात. तो त्यांना मोती काढायला शिकवतो आणि शार्कपासून बचावासाठी सुरे देतो. मग कंपनी निघते. सॅलमँडरांची पैदास, खरेदी आणि विक्री सुरू होते. बंदरं बांधायला, समुद्रात भराव घालायला फुकटातले मजूर. बघता बघता त्यांची संख्या अब्जांत जाते.

पुढचं ओळखीचंच. प्रत्येक देशाला वाटतं की शेजाऱ्याकडं सॅलमँडरांचं सैन्य आहे, मग आपल्याकडंही हवं. सगळे त्यांना शस्त्रं पुरवतात. आणि एके दिवशी सॅलमँडरांचा मुख्य नेता रेडिओवरून जाहीर करतो की आम्हाला राहायला उथळ किनारे कमी पडतायत, तेव्हा तुमचे देश फोडून आम्हाला समुद्र करून द्या. हा मुख्य सॅलमँडर प्रत्यक्षात माणूस असल्याचं, महायुद्धात शिपाईगिरी केलेला एक साधा हवालदार असल्याचं पुस्तकात सूचित केलंय. हिटलरही त्याच महायुद्धात जर्मन सैन्यात साध्या हुद्द्यावर होता.

मग मोठी राष्ट्रं परिषद भरवतात. तोडगा निघतो की सॅलमँडरांना चीनचा भाग देऊन टाकावा, म्हणजे बाकीचे वाचतील. चीनचा विरोध कुणी मनावर घेत नाही.

कादंबरीच्या शेवटाकडं पोवोंद्रा नावाचा एक म्हातारा दारवान आहे. फार वर्षांपूर्वी त्यानं कॅप्टन व्हान टोखला एका उद्योगपतीच्या घरात सोडलं होतं. तिथूनच कंपनीची सुरुवात झाली. प्रागच्या नदीत सॅलमँडरचं डोकं दिसतं, तेव्हा हा दारवान स्वतःला दोष देत बसतो. जगातले मंत्री, सेनापती, कारखानदार यांपैकी कुणाला काही वाटत नाही. दार उघडणाऱ्याला वाटतं.

कादंबरी खरी झाली

१९३७ मध्ये चापेकचं ‘पांढरा रोग’ हे नाटक आलं. एका साथीवर औषध सापडलेला डॉक्टर अट घालतो की युद्ध थांबवा, तरच बड्यांवर उपचार करीन. शेवटी हुकूमशहालाच रोग होतो, तो अट मान्य करतो आणि डॉक्टर औषध घेऊन निघतो. पण वाटेत युद्धानं पेटलेला जमाव त्याला मारून टाकतो. त्याच वर्षी योझेफनं हुकूमशहांच्या बुटांवर व्यंगचित्रांची मालिका काढली. दोघा भावांची नावं बर्लिनमध्ये नोंदली जात होती.

१९३८ मध्ये ‘आई’ हे नाटक आलं. नवरा आणि मुलं एकामागून एक गमावलेली आई शेवटच्या मुलाला लढायला पाठवायला तयार नसते. पण समोरचा शत्रू लहान मुलांना मारतोय हे कळल्यावर ती स्वतःच त्याच्या हातात बंदूक देते. आयुष्यभर आंधळ्या सैनिकगिरीविरुद्ध लिहिलेल्या माणसाला इथवर यावं लागलं होतं. हुकमानं उचललेली बंदूक आणि कुणाला तरी वाचवायला उचललेली बंदूक यांत तो फरक करत होता.

२३ सप्टेंबर १९३८ ला चेकोस्लोव्हाकियानं सैन्य गोळा करायला सुरुवात केली. दहा लाखांहून जास्त माणसं हजर झाली. देश लढायला तयार होता.

पण ३० सप्टेंबरला म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी यांनी परस्पर ठरवून चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्याची जमीन जाणार होती, त्या देशाला बैठकीत जागाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी कादंबरीत चीनचं जे झालं, ते आता लेखकाच्या स्वतःच्या देशाचं झालं.

पराभवानंतर नेहमी होतं तेच झालं. लोकांना कुणाला तरी दोष द्यायचा होता. मासारिक १९३७ मध्येच वारले होते. मग त्यांचा मित्र म्हणून चापेक सापडला. उजव्या पेपरांनी त्याला झोडपलं. निनावी पत्रं, फोनवरून शिव्या, घराच्या खिडक्यांवर दगड. मित्रांनी परदेशी जायला सांगितलं, पण तो गेला नाही.

त्याची बायको ओल्गा शाइनफ्लुगोवा नटी आणि लेखिका होती. १९२० च्या सुमारास ओळख झाली होती, पण आजारपणामुळं लग्नाला १९३५ उजाडलं. लग्नानंतर त्यांना प्रागबाहेर स्त्रझ इथं एक घर आयुष्यभर वापरायला मिळालं होतं. त्या हिवाळ्याआधी तिथल्या बागेचं पुरानं नुकसान झालं. ते निस्तरताना चापेक थंडीनं आजारी पडला. न्यूमोनिया झाला. २५ डिसेंबर १९३८ ला, नाताळच्या दिवशी तो गेला. वय ४८.

१५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये घुसल्या. गेस्टापो म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस चापेकला अटक करायला त्याच्या घरी आले. ज्याला न्यायला आलात तो नाताळातच वारला, हे ओल्गानं त्यांना सांगितलं.

शब्द देणारा भाऊ

योझेफ मात्र सुटला नाही. १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे दुसरं महायुद्ध ज्या दिवशी सुरू झालं त्याच दिवशी, त्याला पकडलं. डाखाऊ, बुखेनवाल्ड, झाक्सनहाउझेन आणि शेवटी बर्गन-बेल्झन. साडेपाच वर्षांत चार छळछावण्या. तिथं तो कविता लिहीत राहिला. १९४५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सैन्यानं बर्गन-बेल्झन सोडवलं, पण त्या सुमारासच छावणीतल्या साथीत योझेफ मेला. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही.

या छावण्यांमध्ये माणसाचं नाव काढून घेत आणि त्याला नंबर देत. मरेपर्यंत वेठीनं राबवत आणि राबता येईनासं झालं की संपवत. पहारेकरी आम्ही फक्त हुकूम पाळतोय असं सांगत. तोंडात ब्रश धरून ज्यानं रोबोट हा शब्द सहज पुटपुटला होता, त्याला त्या शब्दाचा मूळ अर्थ असा बघावा लागला.

कारेल चापेकचं नोबेलसाठी सात वेळा नामांकन झालं होतं, पण ते त्याला कधीच मिळालं नाही. प्रागच्या विशेह्राड स्मशानात त्याची कबर आहे. योझेफला कबरही नाही. पण त्यानं दिलेला शब्द जगातल्या जवळपास प्रत्येक भाषेत जाऊन बसलाय.

आज माणसाशिवाय निशाणा शोधणारी शस्त्रं खरोखर बनतायत आणि ती उद्या आपल्यावर उलटतील का, यावर चर्चा चालू आहे. चापेकच्या गोष्टींत हा प्रश्न दुसराच येतो. पहिला प्रश्न असा असतो की न विचारता मारणारा सैनिक हवा, ही ऑर्डर दिली कुणी, ती पुरवून पैसे कमावले कुणी आणि दार उघडलं कुणी. नाटक असो की कादंबरी, बंड नेहमी शेवटच्या भागात होतं. त्याआधी बराच काळ माणसं नुसती माल पाठवत असतात.